भिंतीपलीकडलं सोडियम

माझी ताई आणि मी एकाच शाळेत, एकाच इयत्तेला, एकच विषय शिकवतो. सातवी अ तिची, सातवी ब माझी, विषय विज्ञान. दोन वर्गांच्या मध्ये प्लायवुडची भिंत आहे. लहानपणी आमच्या दोघांच्या मध्ये आई झोपायची, म्हणजे झोपेत आम्ही एकमेकांना लाथा मारू नयेत. शाळेने तेच काम प्लायवुडवर सोपवलंय. पण प्लायवुड आईइतकं जाड नाही आणि छतापर्यंत पोचतही नाही. वर हातभर फट आहे. लाथा येत नाहीत, बाकी सगळं येतं.

शाळेच्या फाटकाच्या आत ती ‘बाई’ असते आणि मी ‘सर’. फाटकाबाहेर ती ताई आणि मी बटण्या. हे नाव मी शाळेपासून जिवापाड लपवून ठेवलं होतं.

ताईबद्दल माझं मत वाईट नाही. तीच तर अडचण आहे. मत वाईट असतं तर मी सुखाने जगलो असतो. मी शाळेत होतो तेव्हा प्रत्येक नवे शिक्षक मला विचारायचे, तू तिचाच भाऊ ना? मग माझी वही उघडून पुन्हा विचारायचे, नक्की ना? पुढे मी मुद्दाम अशी नोकरी शोधली जिथे ती नव्हती. वर्षभराने ती तिथेच रुजू झाली. म्हणजे नोकरीत मी तिला सीनियर आहे. यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. आईने तर मला पगाराची पावती आणायला लावली होती.

आता खोलीबद्दल. तळमजल्याच्या टोकाला एक खोली होती, तिथे मोडके बाक रचून ठेवलेले असत. पण त्या खोलीच्या भिंतीला बेसिन होतं, बेसिनवर नळ होता आणि नळाला पाणी होतं. विज्ञानाच्या शिक्षकाला स्वर्गात यापेक्षा वेगळं काही मिळत असेल असं मला वाटत नाही. आजवर ताईने आणि मी सगळे प्रयोग व्हरांड्यात, बादलीतल्या पाण्यावर केले. एकदा माझा लिटमस कागद फरशी पुसणाऱ्या मावशींच्या बादलीत पडला. तो आधी लाल झाला की आधी निळा, यावर मावशींचा आणि माझा मतभेद अजून मिटलेला नाही.

तर मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, यांनी जाहीर केलं की मोडके बाक हलवून त्या खोलीची प्रयोगशाळा करायची. मात्र खोली एकाच वर्गाची. दोघांत ठेवली की दोघांनाही वाटतं नळ दुसऱ्याने बंद केला असेल. तुम्ही दोघं या महिन्यात आवर्तसारणी शिकवणारच आहात, त्या म्हणाल्या, तर शिकवा. मग मी येऊन मुलांना विचारते. ज्यांच्या मुलांना ती समजली असेल त्यांना खोली.

ताई म्हणाली, बरं. मीही म्हणालो, बरं. तिचं ‘बरं’ जास्त चांगलं वाटलं.

आवर्तसारणी म्हणजे जगातल्या यच्चयावत मूलद्रव्यांचा एका पानावर मावणारा तक्ता. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि प्रत्येक चौकटीत एकेक मूलद्रव्य. हा तक्ता पहिल्यांदा दाखवला की सातवीतली मुलं त्याकडे तशीच बघतात जसं आपण मोठ्या इमारतीखालच्या वीजमीटरांच्या बोर्डाकडे बघतो. एवढ्या चौकटी, प्रत्येकीत काहीतरी आकडे, आणि यातलं आपलं कुठलं ते कळायला मार्ग नाही.

मला वाटलं, मुलांना त्यातलं ‘आपलं’ काहीतरी द्यावं. मी वर्गात सांगून टाकलं की प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक मूलद्रव्य निवडायचं, महिनाभर आपण तेच आहोत असं समजायचं, आणि तक्त्यात ते जिथे आहे तिथे बसायचं. कल्पना मला इतकी आवडली की मी ती मुद्दाम मोठ्याने सांगितली, प्लायवुडकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग सोनं होऊन आला. उरलेल्यांपैकी बरेचसे चांदी. सोन्याची एकच जागा, तिथे एका बाकावर इतकी मुलं बसली की बाक वाकला. एका मुलीच्या आईने सोनं फार कॉमन झालं म्हणून प्लॅटिनम मागून घेतलं. पहिल्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीला मी समजूत घालून आर्सेनिक दिलं, तर तिचे वडील मला भेटायला आले. ते रागावले नव्हते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कालपासून मुलीच्या शेजारी बसून कोणी डबा खात नाही. आर्सेनिक कशा कशाला उपयोगी पडतं ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुम्ही का नाही होत?

वर्गात सोन्याची खाण निघाली होती, पण श्वास घ्यायला ऑक्सिजन नव्हता. हायड्रोजनच्या जागेवर एकटा पेंगुळ बसला होता. पेंगुळ म्हणजे शेवटच्या बाकावर झोपणारा मुलगा. त्याने हायड्रोजन निवडला नव्हता, ती जागा खिडकीपाशी होती.

त्याच आठवड्यात प्लायवुडपलीकडून एक आवाज आला. पत्र्याचा डबा उघडल्याचा. मग फरशीवर काहीतरी सांडल्याचा, पाऊसच पडावा तसा. माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

तो आईचा बटणांचा डबा होता.

आई कपडे शिवते. घरातच पुढच्या खोलीत तिचं मशीन आहे, आणि मशीनखाली हा डबा. जुन्या कपड्यांची, उरलेली, सुटी, लाखभर तरी बटणं असतील. (लाखभर नाहीत. पण लहानपणी मी तेवढीच मोजली होती.) ताई अभ्यास करायची तेव्हा मी मशीनखाली बसून त्या बटणांच्या ओळी लावायचो. आख्ख्या घरात हीच एक गोष्ट अशी होती जी मी ताईच्या आधी केली होती आणि तिच्यापेक्षा बरी केली होती. आणि आज ती तो डबा उचलून सातवी अमध्ये घेऊन आली होती. मला विचारलंही नव्हतं. डबा आईचा, हे खरं आहे. पण आईनेही मला विचारलं नव्हतं.

पलीकडे ताईने मुलांना एवढंच सांगितलं की यांची नीट मांडणी करा. ‘नीट’ म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. मग ती गप्प बसली. मला तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या गप्प बसण्याचा जास्त राग येतो, कारण मला ते जमत नाही. मुलांनी आधी रंगांवरून लावली, भांडली, मोडली. मग आकारावरून. शेवटी कोणीतरी म्हणालं की आडव्या ओळीत भोकं वाढवत नेऊ आणि उभ्या रकान्यात आकार. म्हणजे डावीकडे मागे दांडी असलेली, बिनभोकांची. मग दोन भोकांची, तीन, चार. आणि वरून खाली बारकी ते मोठी. उजवीकडच्या टोकाला टिचबटणं, एकमेकांत दाबून मिटलेली. त्यांना ना दोरा लागतो, ना काज. त्यांचं त्यांच्यापुरतं झालेलं असतं.

हे सगळं मी ऐकत होतो. माझा वर्गही ऐकत होता. सोन्याच्या बाकावरची मुलं माना वळवून भिंतीकडे कलली होती, खिडकीत ठेवलेली रोपटी उजेडाकडे कलतात तशी. मी घसा साफ करून विचारलं, कोणाला काही शंका? चष्मेवालीने हात वर केला. मला बरं वाटलं.

“सर, जरा हळू बोलाल का? पलीकडचं ऐकू येत नाही.”

इतरांच्या अंगाचा तिळपापड होतो. माझा सावकाश होतो, कडेकडेने.

पण खरी गंमत पुढे होती. पलीकडच्या मांडणीत एक जागा रिकामी राहिली. ताईने विचारलं, इथे बटण नाही, पण असतं तर कसं असतं? मुलांनी धडाधड सांगितलं. दोन भोकांचं. वरच्यापेक्षा मोठं, खालच्यापेक्षा लहान. आपल्या बोटाच्या नखाएवढं. ताई म्हणाली, शाबास, अगदी तसंच होतं. ज्या दाढीवाल्या शास्त्रज्ञाने पहिल्यांदा मूलद्रव्यं अशी मांडली, त्यानेही रिकाम्या जागा सोडल्या होत्या. अजून कोणाला न सापडलेली मूलद्रव्यं तिथे येतील, आणि ती अशी अशी असतील, असं सांगून ठेवलं होतं. पुढे त्यातली काही सापडली, आणि ती जवळपास तशीच निघाली.

पलीकडून एका मुलाने विचारलं, बाई, मग आपलं हे बटण कुठे सापडेल?

तिला खोटं बोलता येत नाही, हाही तिचा एक गुण मला लहानपणापासून नडत आलाय.

“ते सापडणार नाही. माझ्या भावाने ते चार वर्षांचा असताना गिळलं. घरी त्याला अजून बटण्याच म्हणतात.”

फटीतून हे वाक्य माझ्या वर्गावर उतरलं. सातवी बने एकजुटीने मान वळवली आणि माझ्या पोटाकडे बघितलं. चेहऱ्यांवर हसू नव्हतं. आदर होता. इतके दिवस मी यांना शिकवत होतो, पण आपल्या सरांच्या आत सारणीतली एक जागा आहे हे त्यांना आजच कळलं होतं. त्यानंतर मी व्हरांड्यातून चाललो की मागून हळूच ‘बटणसर’ असं ऐकू यायचं. फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा एकदा थांबून म्हणाल्या, आता दुखत नाही ना?

आता दुखत होतं, पण ते बटण नव्हतं.

मी उपाय सुरू केले. आवर्तसारणीचा सगळ्यात मोठा तक्ता आणून प्लायवुडवर ठोकला, आवाज अडेल म्हणून. फटीतून वारा यायचा आणि तक्ता फडफडायचा, एवढाच फरक पडला. बाक उलटे फिरवले, तर मुलांच्या पाठी भिंतीकडे झाल्या आणि ती टेकून, डोकी प्लायवुडला लावून बसायला लागली. त्यांना आता आणखी स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी मी ठरवलं की जे आपल्याकडे आहे ते वापरायचं. ताईला ज्ञान आहे, मला आवाज काढता येतात.

मी प्रत्येक मूलद्रव्याचा आवाज काढायला लागलो. लोखंड खर्जात बोलायचं आणि मध्येच गंजायचं. ऑक्सिजन चाळीच्या सेक्रेटरीसारखा सगळ्यांच्या घरात घुसायचा. आणि हेलियम. हेलियम मी नाकात, अगदी बारीक, फुग्यातली हवा निघावी तसं बोलायचो: “मला कोणाची गरज नाही.” एवढंच. कारण हेलियमला खरंच कोणाची गरज नसते, त्याची बाहेरची कक्षा आधीच भरलेली. हेलियमचं नाव निघालं की मी हे वाक्य म्हणायचो आणि वर्ग कोसळायचा. पेंगुळसुद्धा जागा व्हायचा. पलीकडे ताईचा आवाज थांबायचा, आमचं हसून होईपर्यंत. मला वाटायचं, जळतेय. जळू दे जरा.

घरी आम्ही या विषयावर अवाक्षर काढत नव्हतो. जेवताना ताई मला वाढायची आणि मी तिला. आई मशीनवरून आमच्याकडे बघायची आणि म्हणायची की तुम्ही दोघं इतके गोड वागताय, कोण मेलंय?

मोठ्या बाई आल्या त्या दिवशी आधी माझ्या वर्गात आल्या. माझी अवस्था अशी होती की हायड्रोजन कुठे असतो ते मला विचारलं असतं तर मी खिडकीपाशी म्हणालो असतो. मोठ्या बाईंनी प्लायवुडवरच्या तक्त्याकडे बोट केलं आणि विचारलं, हे सोडियम आणि खाली हे पोटॅशियम. ही दोघं एकाच रकान्यात का?

मी सोन्याच्या बाकाकडे बघितलं. सोन्याने खाली मान घातली. चांदीही बघेना. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला आणि पेंगुळ उभा राहिला. डोळे चोळले.

“बाई, दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन आहे. म्हणून स्वभाव सारखा. दोघांनाही तो देऊन टाकायची घाई. पण पोटॅशियम मोठं, म्हणून त्याला जास्त घाई. मोठ्या बटणाचा दोरा आधी सैल होतो ना, तसं.”

मोठ्या बाई हरखल्या. त्यांनी टोकाच्या रकान्याबद्दल विचारलं, तर चष्मेवालीने सांगितलं की ते राजवायू, मिटलेल्या टिचबटणासारखे, ते सहसा कोणाशी जोडले जात नाहीत. रिकाम्या जागांबद्दल विचारलं, तर सोनंसुद्धा बोलायला लागलं, एकमेकांना ढकलून. मी फळ्यापाशी उभा राहून हे ऐकत होतो. यातलं एक अक्षर मी शिकवलेलं नव्हतं. मी लोखंडाचा खर्ज शिकवला होता.

मोठ्या बाईंनी माझ्याकडे वळून कौतुकाने विचारलं की ही बटणांची कल्पना कुठून आणली? सातवी बने पुन्हा एकजुटीने मान वळवली, या वेळी प्लायवुडकडे. मी म्हणालो, घरगुती पद्धत आहे. यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी माझे कान गरम झाले.

मग त्या पलीकडे गेल्या. मी तक्त्याला कान लावला. ताईची मुलं सुरेख उत्तरं देत होती. इतकी, की माझ्या मनात खोली गेली होती, बेसिन गेलं होतं, नळ गेला होता. आणि मग मोठ्या बाईंनी सहज विचारलं, बरं, हेलियमबद्दल काय सांगाल?

सातवी अ, म्हणजे ताईची सातवी अ, जिच्यात पेन्सिलसुद्धा परवानगी घेऊन पडते, ती सगळीच्या सगळी एका सुरात, बारीक आवाजात, नाकातून म्हणाली:

“मला कोणाची गरज नाही.”

आणि हसायला लागली. थांबेचना. एक मुलगा हसता हसता बाकाखाली गेला. ताईने काय करावं ते तिला कळलं नाही, कारण तिला हसणारा वर्ग आवरायची सवयच नाही. मोठ्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी फटीतून पाहू शकलो नाही, पण चपला ऐकल्या. चपला नाराज होत्या.

संध्याकाळी किल्ली माझ्या हातात होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी ताईला हरवलं होतं. ताईनेच शिकवलेल्या उत्तरांनी, आणि मी काढलेल्या आवाजाने. मी मनात याची मांडणी पुष्कळ वेळा करून पाहिली, पण माझ्या नावासमोर चांगली बाजू येईल अशी ती होईना. ताई स्टाफरूममध्ये येऊन म्हणाली, अभिनंदन, सर. ‘सर’ म्हणाली. फाटकाबाहेर पडेपर्यंत मी वाट बघितली, तिथे तरी बटण्या म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही.

सातवी ब नळाच्या खोलीत गेली. पहिला तास सगळ्यांनी नळ सोडून बघण्यात गेला, आणि मी अडवलं नाही, मीही रांगेत होतो. पण दुसऱ्या तासापासून काहीतरी बिघडलं. त्या खोलीच्या भिंती दगडी, हातभर जाड. मी क्लोरीन शिकवायला घेतलं. क्लोरीनचा आवाज काढला, खोकला देऊन. मुलं हसली, आणि मग थांबली, आणि माना वळवून डावीकडच्या भिंतीकडे बघत बसली. भिंत गप्प होती. मी विचारलं, काय झालं? चष्मेवाली म्हणाली, सर, इथे काहीच ऐकू येत नाही. पेंगुळ पुन्हा झोपायला लागला होता. त्याने नळाखालची जागा पकडली होती, गार असते म्हणून.

तरीही मी तग धरला असता. पण आमच्या जुन्या खोलीत, सातवी बच्या जागी, शाळेने चित्रकलेच्या सरांचा वर्ग हलवला.

चित्रकलेचे सर म्हणजे अबोल माणूस. ते डबा खातानाही डब्याची बाह्यरेषा आधी नीट बघून घेतात. त्या आठवड्यात एका मधल्या सुट्टीत त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “सोडियम बिचारं. बाहेर एकच, आणि तोही धरून ठेवता येत नाही.”

माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

मी त्यांना विचारलं की हे तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, कोणी नाही, ऐकू येतं. बाई काय शिकवतात हो. मुलं रंगवता रंगवता ऐकतात. परवा मी निसर्गचित्र काढायला सांगितलं, तर अर्ध्यांनी झाडाच्या जागी रकाने काढले. पण फार सुंदर काढले.

आजवर मी ताईवर जळत आलो होतो. ती सवयीची जळजळ होती, घरची. पण आपली ताई दुसऱ्याच कोणाच्यातरी फटीतून उतरतेय, आणि ते निवांत ब्रश धुता धुता तिचं सोडियम ऐकताहेत, ही आग नवीन होती. ते माझं सोडियम होतं. माझं बटणही तिथेच होतं, ती रिकामी जागा, नखाएवढी, आता चित्रकलेच्या सरांना माहीत झाली असणार.

त्या दिवशी घरी मी डब्याशी जाऊन बसलो, मशीनखाली, आता मावत नाही तरी. ताई बाजूला वह्या तपासत होती. मी सहज विचारावं तसं विचारलं की सातवी अमध्ये काय चाललंय? ती वहीतून मान वर न करता म्हणाली की हेलियम आता जमत नाही. हेलियम म्हटलं की ती आणि मुलं थांबतात. ते वाक्य पलीकडून येईल म्हणून. येत नाही. मग थोडा वेळ सगळेच गप्प बसतात आणि मग ती लिथियमकडे जाते.

“तू आमचं हसणं संपेपर्यंत थांबायचीस, ते जळून ना?” मी विचारलं.

“जळून कशाला? तेवढ्यात मला पाणी प्यायला मिळायचं.” मग जरा वेळाने, लाल पेनाने एक चूक गोल करत, ती म्हणाली, “थोडं जळूनही. मला नाही ना रे येत हसवता.”

आईने मशीन थांबवलं नाही, पण पाय जरा हळू केला.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं की नळ गळतो. त्या येऊन बघून गेल्या. नळ गळत नव्हता. मी म्हणालो, सकाळी गळत होता. त्या म्हणाल्या, मग दुरुस्त झाला, अभिनंदन. मग मी त्यांना सांगितलं की माझा विचार वेगळा आहे. विज्ञानाला काय, बादली चालते, पण रंगांना वाहतं पाणी लागतं, ब्रश धुवायला, बोटं धुवायला, एकूण कलेच्या दृष्टीने. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं लोक आपणहून पावती मागणाऱ्या माणसाकडे बघतात. पण त्यांना त्यात चूक काढता येईना. चित्रकलेचे सर कबूल असतील तर माझी हरकत नाही, म्हणाल्या.

चित्रकलेचे सर कबूल नव्हते. त्यांनी ब्रश खाली ठेवला, नळाचं वर्णन ऐकून घेतलं, बेसिनबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं की पाणी चांगली गोष्ट आहे, पण बाई आता क्लोरीनवर आल्यात. पुढे आर्गॉन आहे. ओळीच्या टोकाला काय होतं ते ऐकल्याशिवाय त्यांना हलणं बरं वाटणार नाही. मी म्हणालो, आर्गॉन राजवायू आहे, काहीच होत नाही. ते म्हणाले, तुम्ही सांगताय तसं नाही, त्या कशा सांगतात ते ऐकायचंय.

मी आर्गॉनपर्यंत थांबलो. काय करणार? आणि वर मला कबूल करावं लागलं की पुढे प्रत्येक मधल्या सुट्टीत, पलीकडून जे येईल ते मी त्यांना नीट, आवाज न काढता, सांगेन.

ताईला ही बातमी स्टाफरूममध्ये कळली. ती मला व्हरांड्यात घेऊन गेली, बादल्या ठेवतात तिथे.

“आपल्या दोघांपैकी एकाकडे तरी नळ राहिला असता, गाढवा. तुझ्याकडे असता तर मी मागून वापरला असता.”

“मला वाटलं तू मागणार नाहीस.”

“मी नसतंच मागितलं. आईला सांगून तुला द्यायला लावला असता.”

हे मला सुचलंच नव्हतं. मग तिने एक बादली उचलली, एक माझ्या हातात दिली, आणि आपापल्या वर्गाकडे जाताना, फाटक अजून खूप लांब असताना, म्हणाली, चल, बटण्या.

सातवी ब जुन्या खोलीत परतली. मुलांनी न सांगता बाक प्लायवुडला लावले. तक्ता मी काढून टाकला, वाऱ्याने फाटलाच होता. भिंतीवर चित्रकलेच्या मुलांनी शिसपेन्सिलने रकाने काढून ठेवले होते, आणि एका चौकटीत कोणीतरी एक दोन भोकांचं बटण काढलं होतं, इतकं हुबेहूब की मी बोटाचं नख लावून त्याचं माप घेतलं.

पलीकडे ताईचा तास सुरू झाला. उजळणी होती. हायड्रोजन, मग हायड्रोजनबद्दल सगळं, आणि मग ती म्हणाली, हेलियम.

आणि थांबली.

माझा वर्ग माझ्याकडे बघत होता. पेंगुळ जागा होता. पलीकडे एक आख्खा वर्ग गप्प बसून होता, आणि ती गप्प जागा माझी होती, नखाएवढी, इतर कोणीच तिथे बसलं नसतं. मी नाक धरलं आणि फटीकडे तोंड करून म्हणालो,

“मला कोणाची गरज नाही.”

दोन्ही बाजू एकदम हसल्या. प्लायवुड थरथरलं. ताईचंही हसणं त्यात ऐकू आलं, ते मी कुठेही ओळखीन.

फक्त, पलीकडची मुलं जरा जास्त हसली. मी नीट ऐकलं. माझ्याच विनोदाला, माझ्या वर्गापेक्षा, तिची मुलं जास्त हसली. ते मला अजून खुपतंय.